हेरिटेज टर्की की नेहमीची? फरक नेमका कशात असतो?

सांजवात
यंदा थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथे अमेरिकेतल्या नोव्हेंबरच्या सणाला, आमच्याकडे चौदा माणसं जेवायला आहेत. सणाला टर्की हा कोंबडीहून बराच मोठा पक्षी अख्खा भाजतात. दरवर्षी मी सुपरमार्केटातली गोठवलेली टर्की आणते, चार दिवस आधी फ्रिजमध्ये बर्फ सुटायला ठेवते आणि भाजते. कधी जमते, कधी छातीचं मांस कोरडं होतं.

परवा लेकाला घेऊन इथे पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर भोपळे आणायला गेले होते. कुंपणाआड तांबूस पिसांच्या, पंखांत आणि शेपटीत पांढरं असलेल्या पंधरा-वीस टर्की हिंडत होत्या. लेक जोरात ओरडला की सगळे नर एका सुरात गुडगुड करून उत्तर द्यायचे. अर्धा तास हाच खेळ चालला. बाजूला पाटी होती : ‘हेरिटेज बर्बन रेड, आगाऊ नोंदणी’. भाव पौंडाला ११ डॉलर. पंधरा पौंडांची धरली तरी १६५ डॉलर होतात! सुपरमार्केटात सणाच्या आठवड्यात त्याच्या दहाव्या हिश्शातही मिळते.

एवढा फरक कशाचा? चवीचा, जातीचा, की निव्वळ पाटीचा? ज्यांनी खाल्ली आहे किंवा पाळली आहे त्यांनी सांगा. नोंदणी पुढच्या शनिवारपर्यंत करायची आहे.

मिरगाचा पाऊस
गावरान आणि बॉयलर. संपला धागा :)

कोथिंबीर
+१. जास्त शिजवा, जास्त चावा, पण रस्सा असा होतो की ताट चाटून पुसून घ्याल.

शेतावरची
मी व्हर्जिनियात घरामागे नॅरागान्सेट जातीच्या टर्की पाळते, हे सहावं वर्ष. गावरान-बॉयलरची उपमा अर्धी बरोबर आहे. गावरान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंगणात उकिरडा उकरणारी कोंबडी येते, म्हणजे आपण पाळण्याची पद्धत बघतो. हेरिटेज हा शब्द पद्धतीचा नाही, वंशाचा आहे. नेहमीची पांढरी टर्की मोकळ्या कुरणात सोडली म्हणून ती हेरिटेज होत नाही.

द लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी ही इथली जुन्या पशुपक्ष्यांच्या जाती जपणारी संस्था तीन गोष्टी बघते. जोडी आपली आपण जमली पाहिजे आणि अंडी फळली पाहिजेत. पक्षी उघड्यावर टिकून बरीच वर्षं वीण देणारा हवा : मादी पाच ते सात वर्षं, नर तीन ते पाच. आणि वाढ सावकाश हवी, विकण्याजोगं वजन भरायला साधारण २८ आठवडे. ही व्याख्या सरकारी नाही, संस्थेची आहे, पण पाळणारे लोक तीच मानतात.

सुपरमार्केटात जी मिळते ती ‘ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट’, म्हणजे रुंद छातीची पांढरी. तिची मादी १४ आठवड्यांच्या आसपास कापतात, नर १८ ते २० आठवड्यांत. तेवढ्या वेळात नर ४० पौंडांच्या घरात जातो. माझा नर त्या वयात उंच, किडकिडीत पोरसवदा दिसतो.

पण वजन राहू दे. त्या पांढऱ्या नराची छाती एवढी पुढे आलेली आणि पाय एवढे आखूड असतात की त्याला मादीशी जुगता येत नाही. अख्खी जात माणसाच्या हातावर जगते. उद्या माणूस बाजूला झाला तर पुढची पिढीच नाही. मला हा फरक पहिल्यांदा कळला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

ओवी
म्हणजे कृत्रिम रेतन? गाई-म्हशींसारखं? पक्ष्यांमध्ये??

शेतावरची
हो. १९६० च्या दशकापासून हीच रीत आहे. नर वेगळ्या कोठारात ठेवतात, वीर्य हाताने काढतात आणि मादीला बारीक नळीतून देतात, साधारण आठवड्याला एकदा. लाखो अंड्यांमागे हे काम करणारी माणसं असतात, आणि काम फार कष्टाचं आहे.

आणि आमच्याकडे? मागच्या मे महिन्यात एक मादी दिसेनाशी झाली. कोल्ह्याने नेली असं धरून चाललो होतो. पडलेल्या देवदाराच्या खाली खुडूक बसली होती पठ्ठी. २८ दिवस वारा-पाऊस अंगावर घेतला आणि एका सकाळी अकरा पिल्लं घेऊन दाराशी आली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मिरगाचा पाऊस
माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. धागा आत्ता कुठे सुरू झालाय.

दाणापाणी
मी मिनेसोटात पक्ष्यांच्या खाद्याच्या क्षेत्रात काम करतो. देशात सगळ्यात जास्त टर्की आमच्या राज्यात होतात, वर्षाला तीन कोटींहून जास्त. त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो.

पहिली गोष्ट हार्मोनची. ‘टोचून फुगवलेली टर्की’ हे वाक्य प्रत्येक पार्टीत ऐकतो. अमेरिकेत कोंबडी-टर्कीला हार्मोन द्यायला कायद्याने मनाई आहे, कित्येक दशकांपासून. पाकिटावर ‘हार्मोन वापरलेले नाहीत’ असं लिहायचं असेल तर शेजारी ‘ते वापरायला मुळात बंदीच आहे’ हेही छापावं लागतं. १९६० मध्ये सरासरी टर्की जिवंत वजनाला १५ पौंडांच्या आसपास भरायची, आता ३० च्या वर जाते. हे झालं ते निवडक पैदाशीतून आणि नेमक्या खाद्यातून. अँटिबायोटिकांचं म्हणाल, तर माणसांसाठी महत्त्वाची औषधं फक्त वाढीसाठी खाद्यात मिसळणं जानेवारी २०१७ पासून बंद आहे. आजारासाठी द्यायची तर पशुवैद्याची चिठ्ठी लागते.

दुसरी गोष्ट दाण्याची. २८ आठवडे खाऊ घालून कमी मांस, की १४ आठवड्यांत जास्त मांस? मका आणि सोयाबीन जमिनीतूनच येतात. एक पौंड मांसामागे लागणारं धान्य हेरिटेजमध्ये बरंच जास्त जातं.

आणि तिसरी गोष्ट माझ्या मनाला भिडणारी. सांजवातताई, तुम्ही १६५ डॉलरचा विचार करू शकता. ज्या घरात दोन नोकऱ्या करून भाडं भागतं, त्या घरातही सणाला टर्की भाजली जाते, ती या पांढऱ्या पक्ष्यामुळे. ते मला लहान वाटत नाही.

दोष आहेत, ते नाकारत नाही. वजन झपाट्याने वाढतं आणि पाय मागे पडतात, लंगडे पक्षी दिसतात. गर्दीत चोच मारून एकमेकांना जखमी करू नये म्हणून चोचीचं टोक कापतात. यावर काम चालू आहे आणि ते आणखी व्हायला हवं.

शेतावरची
दाणापाणीदादा, धान्याचा मुद्दा मान्य, हार्मोनचाही. मीच शेजारणीला हे दहादा सांगितलंय. पण तुमच्या हिशेबात एक खाना रिकामा आहे. पैदाशीसाठी ठेवलेल्या रुंद छातीच्या नरांना मोजून खायला घालावं लागतं ना? पोटभर दिलं तर ते स्वतःच्या वजनाखालीच मोडतात. ज्या जिवाला पोटभर खाणं झेपत नाही, त्याची वाढ आपण कुठवर नेली, हा प्रश्न धान्याच्या हिशेबात बसत नाही.

आणि माझ्या टर्की दाण्यासोबत गवत, नाकतोडे, पडकी सफरचंदं, काय वाट्टेल ते खातात. उन्हाळ्यात दाण्याचं पोतं दुप्पट दिवस पुरतं.

दाणापाणी
मोजून घालावं लागतं, खरं आहे. त्याबद्दल माझ्याकडे बचाव नाही.

हिशेबनीस
सांजवात, नोंदणीआधी एक काम करा. पाट्यांवरच्या शब्दांत गल्लत फार होते. ‘फ्री रेंज’ म्हणजे पक्ष्याला बाहेर जायची मुभा होती, एवढंच. ‘नॅचरल’ म्हणजे कापल्यानंतर वरून कृत्रिम काही घातलं नाही. तो कसा वाढला याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘ऑरगॅनिक’मध्ये खाद्य आणि पाळणूक येते, पण जात रुंद छातीची पांढरी असू शकते.

सगळ्यात फसवी ‘ब्राँझ’. ब्राँझ ही जुनी, अस्सल जात आहे. पण ‘ब्रॉड ब्रेस्टेड ब्राँझ’ ही वेगळी. पिसांचा रंग तोच, बांधा कारखान्याचा. पांढरीच्या आधी बाजार हिचाच होता. पुढे पांढरी आली, कारण पिसं उपटल्यावर काळ्या पिसांची बुडखी कातडीत डागांसारखी दिसतात, पांढरी दिसत नाहीत. गिऱ्हाइकाला गोरी टर्की हवी, म्हणून अख्ख्या देशाचा पक्षी पांढरा झाला!

शेतकऱ्याला दोनच प्रश्न विचारा. जोडी आपली आपण जमते का? आणि कापताना किती आठवड्यांची असेल? उत्तर अडखळत आलं की समजा.

ओवी
हे दोन प्रश्न लिहून फ्रिजवर लावलेत.

शब्दवेडा
धाग्याला जरा फाटा फोडतो, राग मानू नका. या पक्ष्याला प्रत्येक जण दुसऱ्याच्या देशाचं नाव देतो. इंग्रजीत तो तुर्कस्तानचा. तुर्कीत त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा. फ्रेंचांचं ‘दँद’ही मुळात ‘हिंदचा’च. आणि पोर्तुगीजमध्ये तो ‘पेरू’! हिंदीत ‘पीरू’ म्हणतात तो त्यातलाच. पक्षी मात्र पक्का मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी तो दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी माणसाळवला.

१६१२ मध्ये मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे अनोखे प्राणी नेले, त्यात एक टर्की होती. बादशहाने तिचं वर्णन लिहून ठेवलंय : मोरापेक्षा लहान, लांडोरीपेक्षा मोठी, आणि डोक्याचा रंग सरड्यासारखा बदलत राहतो. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. चित्र नीट बघा : लांब पाय, सडपातळ अंग, छाती बेताची. तेव्हाची प्रत्येक टर्की हेरिटेजच होती.

कोथिंबीर
म्हणजे आमच्या आजीचा पेरूचा रायता भलताच जड होता म्हणायचा :D

जुनी पानं
शब्दवेडा, हा फाटा विषयाला धरूनच आहे. स्पॅनिश लोकांनी ही मेक्सिकन टर्की सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात नेली, तिथून ती वसाहतींबरोबर अमेरिकेत परतली आणि इथल्या रानटर्कीशी तिचा संकर झाला. ब्राँझ आणि नॅरागान्सेट त्यातून आल्या. १८७४ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने पहिल्यांदा जातींची मानकं ठरवली, त्यात ब्राँझ, नॅरागान्सेट, व्हाइट हॉलंड, ब्लॅक आणि स्लेट होत्या. सांजवातची बर्बन रेड केंटकीतली, तिला १९०९ मध्ये मान्यता मिळाली.

मला सगळ्यात चटका लावते ती बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइटची कथा. मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात ही लहान टर्की मुद्दाम घडवली, कारण लोकांची कुटुंबं लहान झाली होती आणि ओव्हनही. एका काळी घरोघरी तीच असे. १९५१ मध्ये मानकांत आली आणि १९७० च्या दशकापर्यंत जवळपास नाहीशी झाली! हॉटेलं आणि कारखान्यांना मोठा पक्षी हवा होता. जात माणसाच्या गरजेपोटी जन्मली आणि माणसाची गरज बदलली तशी संपत आली, तीस-चाळीस वर्षांत.

१९९७ मध्ये शेतावरचीने वर सांगितलेल्या जाती जपणाऱ्या संस्थेने मोजदाद केली तेव्हा सगळ्या हेरिटेज जाती मिळून पैदाशीचे १,३३५ पक्षी उरले होते. अख्ख्या अमेरिकेत! एखाद्या शाळेच्या पटावर याहून जास्त मुलं असतात. मग काही शेतकरी, स्थानिक, पारंपरिक खाणं जपणारी स्लो फूडसारखी चळवळ आणि स्वयंपाकी एकत्र आले, लोकांनी सणासाठी मागणी केली आणि दहा वर्षांच्या आत संख्या कित्येक पटींनी वाढली. कॅन्ससमधल्या लिंड्सबर्गचे फ्रँक रीस यांच्यासारख्यांनी बाजार नसतानाच्या काळातही जुने कळप धरून ठेवले होते, म्हणून वाढवायला काही शिल्लक होतं.

तुळशीकट्टा
मी शाकाहारी आहे, तरी धागा आवडीने वाचतेय. पण ‘वाचवायचं असेल तर खा’ हे मला पचत नाही. वाघ वाचवायला आपण वाघ खात नाही.

जुनी पानं
तुळशीकट्टा, वाघाला रान आहे. या पक्ष्याला शेतकऱ्याचं आवार सोडलं तर जागा नाही. तो वर्षभर दाणा घालतो, रात्री कोल्ह्या-रॅकूनपासून राखतो. नोव्हेंबरात चार पक्षी विकले गेले तर वसंतात वीस अंडी उबवायला ठेवतो, नाहीतर कळप मोडतो.

तुळशीकट्टा
मुद्दा समजला. पटला नाही, पण समजला. पैदाशीच्या कळपाला खाण्यासाठी नव्हे तर जपण्यासाठी पैसे देणारे लोक असतील तर मी पहिली देईन.

शेतावरची
तुळशीकट्टा, जाती जपणाऱ्या संस्थांना देणगी देता येते. आणि माझ्याकडे कधीही या. खुडूक बसलेली ती मादी आम्ही कापणार नाही, ती म्हातारी होईस्तोवर इथेच राहील.

वळचण
पाळायचा विचार असलेल्यांसाठी अनुभव. गेल्या वर्षी आम्ही सहा पिल्लं मागवली. एक दिवसाची पिल्लं इथे टपालाने येतात. पोटात अंड्याचा बलक शिल्लक असतो, त्यावर दोन-तीन दिवस निभावतात. पोस्टातून पहाटे फोन आला : ‘तुमचा डबा चिवचिवतोय, घेऊन जा.’

चूक अशी केली की त्यांना कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात ठेवलं. टर्कीला ‘ब्लॅकहेड’ नावाचा रोग होतो. कोंबड्या त्याचे जंतू बाळगतात, त्यांना सहसा काही होत नाही, टर्की मात्र पटापट मरतात. जमिनीतल्या जंतांच्या अंड्यांतून तो पसरतो, त्यामुळे रिकाम्या खुराड्याची जागाही चालत नाही. त्यावरचं शेवटचं औषध २०१५ च्या अखेरीला बंद झालं, त्यात आर्सेनिक होतं. सहातल्या चार गेल्या. उरलेल्या दोन अंगणातल्या ओकच्या झाडावर झोपायच्या. हो, हेरिटेज टर्की उडते! रात्री त्यांना खाली उतरवायचा नाद मी आठवड्याभरात सोडला.

हिशेबनीस
वळचण, वाईट वाटलं. ही माहिती मात्र लाखमोलाची आहे.

चुलीपाशी
चवीचं कुणी बोललंच नाही, मी बोलते. चारदा केली आहे. ती नेहमीच्या टर्कीसारखी करायला गेलात तर १६५ डॉलर वाया.

ही चाललेली, उडालेली असते. तंगड्या आणि मांड्या लांब, घट्ट, मांस गडद. छाती निमुळती आणि पातळ, हाड वर आलेलं. त्यामुळे छाती लवकर शिजते आणि मांड्यांना वेळ लागतो. मी आता तंगड्या-मांड्या आधीच सोडवून घेते. त्या पाणी, कांदा, मिरी घालून झाकून मंद आचेवर दोन-अडीच तास. छातीचा भाग वेगळा, ओव्हन चांगला तापवून. तापमापक हवाच : सगळीकडे १६५ फॅरेनहाइट. घड्याळावर विसंबू नका, हिला ठरलेल्या वेळेपेक्षा कमी लागतो.

मिठाच्या पाण्यात भिजवायची गरज नाही, आदल्या रात्री कोरडं मीठ चोळा. सुपरमार्केटातल्या कित्येक टर्कींना कारखान्यातच मीठपाणी टोचलेलं असतं, पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं बघा. तिचा ओलेपणा बराचसा त्याचा. हेरिटेजचा रस तिचा स्वतःचा. कातडीखाली पिवळसर चरबी असते, ती काढू नका.

चव? पहिल्या घासाला लोक थबकतात. मांस मऊ नसतं, चावावं लागतं, आणि चावलं की चव वाढत जाते. मऊ छातीची सवय असलेल्या पाहुण्यांना कदाचित आवडणार नाही, हेही सांगून ठेवते. आणि सांगाड्याची अळणी जरूर करा.

सांजवात
किती जणांनी किती मनापासून लिहिलंत! काल शेतावर जाऊन ते दोन प्रश्न विचारले. शेतकरीणबाई पहिल्या प्रश्नाला हसल्याच. म्हणाल्या, एप्रिलात या, दाखवते. एप्रिल-मेमध्ये उबलेली पिल्लं आहेत, कापताना २८ ते ३० आठवड्यांची होतील.

दाणापाणीदादांचं म्हणणं डोक्यातून जात नव्हतं, म्हणून असं ठरवलंय : एक लहान बर्बन रेड, बारा पौंडांची, आणि बाकीचं जेवण भाज्या-भातांनी भरायचं. नेहमीची मोठी टर्की आणते तेव्हा तिसरा हिस्सा उरतो आणि आठवडाभर कुणी बघत नाही. आणि दरवर्षी आणते तशी एक गोठवलेली टर्की आमच्या भागातल्या अन्नपेढीला.

दाणापाणी
मस्त ठरवलंत. कशी झाली ते नक्की लिहा.

सांजवात
सण झाला, वृत्तांत देते.

चुलीपाशीच्या पद्धतीने केली. छातीचे तुकडे पातळ कापले, चौदा जणांना बेताने पुरले. सासरे दोन घास खाऊन म्हणाले, ‘याला पक्ष्याची चव आहे.’ माझ्या मोठ्या जावेला नाही आवडली, तिला चावावी लागली म्हणून. मांड्या मात्र भांड्याच्या तळाला काही उरलं नाही इतक्या संपल्या. लेकाने जेवणाआधी विचारलं, ‘मला उत्तर देणाऱ्यातलीच का ही?’ मी हो म्हटलं. थोडा वेळ तो गप्प होता, मग त्याने खाल्ली, आणि ताटात काही टाकलं नाही. रोज टाकतो.

आज सांगाडा पातेल्यात घातलाय. चुलीपाशी, अळणीत हळद सुरुवातीलाच घालायची की उकळी आल्यावर? आणि किती वेळ ठेवू?

चुलीपाशी
सुरुवातीलाच, पाव चमचा. आलं-लसूण ठेचून घाल, मीठ शेवटी. तीन तास मंद आचेवर, वरचा फेस काढत राहा. गडद हाडं आहेत, रंग नेहमीपेक्षा तांबूस येईल, घाबरू नकोस.